शिंगणापूरच्या घराला दार

ती. आईस राजेश्वरीचा जर्मनीहून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? बाबांनंतर तू एकटी, म्हणून दादा घराला दार बसवायचं म्हणतो आणि तू शनिदेवाला भितेस, हे कळलं.

इथे प्रयोगशाळेत डोळ्यांना न दिसणारा लेझर सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर टाकला की निळा प्रकाश निघतो. मी सवयीने खोलीचं दार उघडं ठेवायची, बाहेरचा उजेड शिरून मोजमाप बिघडायचं. माझ्याकडून गावाबद्दल ऐकलेली सहकारी लेना हसून म्हणाली, "बाई, हे तुझं शिंगणापूर नाही!" दार लावलं. लेझरची ताकद दुप्पट केल्यावर निळा प्रकाश चौपट झाला; बाहेरचा उजेड असता तर तेवढाच राहिला असता, म्हणजे तो खराच कणांमधून येत होता.

आपल्या घराला दार नाही हे मला कधी जाणवलंच नाही. बाबा उंबऱ्यापाशी बाज टाकून झोपायचे. आता दादाला दार बसवू दे.

तुझीच,
राजेश्वरी