दुसरा सा

बाबा, तानपुरा मी बंद केला ते बरोबरच केलं. इतकी वर्षं झाली, तुम्हीही राहिला नाहीत, तरी हे वाक्य मवाळ करावंसं मला वाटत नाही.

रविवार होता. आईने कुकर लावला होता आणि तुम्ही इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा पांढरी एक या पट्टीला लावून माझ्या कीबोर्डशेजारी आणून ठेवला होता. आपल्या घरात काहीही वाजवायचं तर आधी तो लागायचा. मंडळातलं भजन असो की तमिळ सिनेमातलं गाणं. नुंगंबाक्कमच्या एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन बाईंकडे मी जॅझ पियानो शिकते हे तुम्हाला माहीत होतं. त्या सकाळी मी सांगितलं की अंबत्तूरच्या ऑफिसातली नोकरी सोडून एका हॉटेलात संध्याकाळी वाजवणार आहे. तुम्ही आवाज चढवला नाहीत. वाजवून दाखव म्हणालात, नोकरी सोडण्यासारखं त्यात काय आहे ते ऐकू तरी दे.

मी एक जुनं अमेरिकन गाणं घेतलं. पहिला भाग तुम्हाला चालला. डोळे मिटून तुम्ही सूर ओळखत होतात : रे म ध सा, मग प नि रे म, मग सा ग प. मी समजावत होते की पहिला कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचा जुडगा, घरातून निघतो, दुसऱ्यातल्या म आणि नि यांना तिथे राहवत नाही, एकाला ग वर उतरायचं असतं, दुसऱ्याला सा वर चढायचं असतं, म्हणून तिसरा येतो, तो पुन्हा घर, म्हणजे सा. हे तर आपलंच झालं, असं तुम्ही म्हणालात. मग त्याच कॉर्डांवर मी वाढीव सूर ठेवले. सा च्या कॉर्डवर नि आणि वरचा रे, प च्या कॉर्डवर ध आणि ग. तुमच्या कपाळाला आठी पडली, पण तेही तुम्ही चालवून घेतलंत. तोंडी लावायला आहे, ठीक आहे, म्हणालात.

मधला भाग येतो. इथे गाणं थोड्या वेळापुरतं घर बदलतं; ग हाच सा होतो. डबा मात्र जुन्याच सा आणि प वर घुमतो आहे. तुम्ही डोळे उघडता.

"कोमल धैवत. आणि दोन्ही गंधार, एकाच वेळी. कुठल्या रागात गं हे?"

इथे सा दुसरा आहे, मूर्च्छनेत रागातलाच दुसरा सूर सा धरून गातात तसा, असं मी सांगते. मूर्च्छनेत गाणारा हलतो, तानपुरा हलत नाही, म्हणूनच तो किती लांब गेला ते कळतं, असं तुम्ही ऐकवता. शेजारच्या मामी बाल्कनीतून आईला विचारतात, आज दोन रेडिओ लावलेत का. आई हसते. तुम्ही पुन्हा वाजवायला लावता, पुन्हा तेच खटकतं, आणि तुम्ही तोडगा काढता : एवढी जागा गाळ, बाकी गाणं चांगलं आहे, नोकरीचं मग बघू.

मी हात लांब करून डब्याचा खटका दाबला. तुमच्यादेखत तो कोणी कधी बंद केला नव्हता. "आता ऐका," म्हटलं आणि तोच भाग वाजवला, घर बदलून परत येईपर्यंत. तुम्ही डब्याकडे बघत राहिलात.

"आधारच काढून घेतला की काहीही बरोबर वाटतं," तुम्ही म्हणालात आणि जेवायला उठलात.

तेव्हा सुचलं नाही ते आता सांगते. या गाण्यात सा धरून ठेवायला शेजारी कोणी बसत नाही. घर कुठे आहे ते प्रत्येक कॉर्डने स्वतः सांगायचं, आणि डाव्या हाताने ते पेलायचं. चुकलं तर बोट दाखवायला दुसरं कोणी नसतं. याला तुम्ही आधार नसणं म्हणालात. मी नोकरी सोडली. तुम्ही हॉटेलात कधी आला नाहीत. आईला पाठवलंत आणि ती परत आल्यावर तिथे एसी फार गार होता का, एवढंच विचारलंत. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं लिहिणार नाही. पण सोडल्याचा पश्चात्तापही कधी झाला नाही.

अजून वाजवते. लोक कॉफी ढवळत ऐकतात. मधला भाग येतो, सा बदलतो, दोन्ही गंधार शेजारीशेजारी वाजतात आणि कोणी मान वर करत नाही. कोणाला काही खटकत नाही. ज्याला खटकायचं ते माणूस घरात होतं तेव्हा ती जागा मी जास्त नीट वाजवत होते. एवढं मान्य करते, आणि म्हणूनच हे पत्र पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं. तुम्ही याला माघार समजला असतात.