त्र्याहत्तर नंबरचं रेडियम

१४ ऑक्टोबर, मंगळवार
आज पुन्हा ७३! सकाळपासून अकरा जोड्या कापल्या. पंचवटीतल्या निम्म्या बाईकच्या टाक्यांवर आमच्याच दुकानाचं रेडियम — आणि नंबर सिल्व्हानो बेर्तीचा. इटलीचा बाईक रेसर, बेचाळीस वर्षांचा. चार वेळा जगज्जेता, पण गेली सहा वर्षं एकही शर्यत जिंकलेला नाही. तरी खप त्याचाच! अब्बांना वाटतं, ७३ हा कुठल्या तरी मंडळाचा नंबर आहे.

इथल्या बाईक शर्यतीचा फॉर्म आणलाय. मातीचा ट्रॅक, ७ डिसेंबर. तीन गट — महिला, नवशिके, पन्नाशीपुढचे हौशी. घरातल्या एकाची सही हवीच. अम्मी म्हणाली, "मेरेकु मत पूछ, अब्बा से पूछ." म्हणजे संपलंच.

१७ ऑक्टोबर
विचारलं. "आफिया, गाडी चलाना अलग, भगाना अलग." बस्स! स्वतः लग्नाआधी राजदूतवरून पाऊण तासात लासलगाव गाठायचे, हे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. खूप रडले. फॉर्म उशीखाली.

२३ ऑक्टोबर
देवळ्याचे शेखरभाऊ तणतणत आले. कांद्याचे व्यापारी, आमचं जुनं गिऱ्हाईक. "ओ हबीबभाई, पोलिसानी धरलं ना मला! माझा नंबर ५१३७ हाय. तुम्ही पाटीवर ५१७३ लावलं! गाडी चोरीची हे का, म्हने!"

अब्बांचा चेहरा!! तीस वर्षांत पहिली चूक. दिवसभर ७३ कापून कापून त्यांचा हात आपोआप तिकडेच गेला. शेखरभाऊंना चहा पाजला, नवी पाटी फुकटात. ते गेल्यावर अब्बा माझ्यावर डाफरले, "ये तिहत्तर है कौन?"

मोबाईलवर बेर्तीची जुनी शर्यत लावून दिली. दहा मिनिटांनी चष्मा पुसून जवळ सरकले.

२ नोव्हेंबर
अब्बा आता मलाच शिकवतात, वळणावर ब्रेक कधी दाबायचा ते. सहीचं नाव काढलं की मात्र ऐकू येत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
बेर्तीची शेवटची शर्यत. सहाला अब्बांनी शटर ओढलं — रविवारच्या गर्दीत! तो अकरावा आला. जिंकणाऱ्याकडे कुणी बघेना. लोक कुंपण ओलांडून ह्याच्याकडे धावले. म्हातारेसुद्धा रडत होते. मीही रडले, लाज कसली.

अब्बा म्हणाले, "जीता नहीं, फिर भी इतने लोग?"

मी म्हटलं, "गाडी पळवताना त्याला मजा येते ना अब्बा, ती लोकांना दिसते."

अब्बा उठले. टोपी घालून नमाजला गेले.

१७ नोव्हेंबर
उशीखाली फॉर्म नाही! धावत दुकानात गेले. काउंटरवर माझं हेल्मेट, त्यावर ताजं रेडियम — ७४. खाली फॉर्म, अब्बांच्या सहीसकट!

त्याखाली अजून एक फॉर्म. गट: पन्नाशीपुढचे हौशी. नाव: हबीब. नंबर: ७३. घरातल्याच्या सहीची जागा रिकामी. वर पेन ठेवलेलं.