एक मिनिट शांतता

१४ नोव्हेंबर, गुरुवार

— मी लापशीचं पातेलं घासत होते आणि माझा नवरा विल्फ परकर घालून बश्या पुसत होता. ओठांना माझी लाली, खांद्यावर फडकं. दूधवाला आला तर तसाच दारात गेला. "दोन बाटल्या ठेव रे राजा, आणि घरी बायकोला सांगू नकोस हं!" दूधवाला कानापर्यंत लाल. मग विल्फने कोळसा आत आणला, मी चादरी वाळत टाकल्या. बस, तो असतानाची एवढीच एक सकाळ. आज क्लिफर्ड हॅरॉप समोर बसून बोलत होता, आणि मला तीच दिसत होती.

क्लिफर्ड चॅपलच्या हॉलचा अध्यक्ष. दर नाताळला पँटो, म्हणजे पोराटोरांना हसवायचं गाण्यांचं नाटक, करणाऱ्या मुलांच्या मंडळाचाही तोच. टोपी हातात धरून आला होता.

"डॉरीन, नाताळचा पँटो यंदाही होईल. पण डेम नाही. विल्फचा मान म्हणून."

डेम म्हणजे नाटकातली आई, तीच गाळायची! विल्फ दरवर्षी दाढी घोटून, गालावर रंग थापून ती आई व्हायचा. पोराला गाय विकायला कोण पाठवणार मग? राक्षसाला लाटण्याने कोण बडवणार?

"आई आधीच मेली असं दाखवू," म्हणाला. नाताळच्या पँटोत!

शिवाय सुरुवातीला एक मिनिट शांतता. स्टेजच्या मधोमध विल्फचा गुलाबी झगा टांगायचा, त्यावर एकच दिवा.

"विल्फ कधी एक मिनिट गप्प बसलेला पाहिलास का रे तू?"

"लोकांना बरं वाटेल, डॉरीन."

मला रडताना बघून वाटेल. चहा दिला त्याला. बिस्किट दिलं नाही.

१५ नोव्हेंबर

झगा देणार नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

हॉलवर गेले. विल्फ गेल्यापासून पहिल्यांदाच. मला बघून मुलं एकदम चूप — जणू मीच तिरडी घेऊन आले! बेथन तेवढी धावत आली. ती आता नाटक बसवते. लहानपणी नाटकातल्या गाईचे मागचे पाय असायची.

एक टॅमसिन म्हणून पोरगी आहे. सोळा वर्षांची, काडीसारखी, आवाज मात्र गिरणीच्या भोंग्याचा. सगळ्यांसमोर म्हणाली, "मिसेस अ‍ॅशवर्थ, मी डेम केली तर तुम्हाला वाईट वाटेल का?"

मी उत्तर द्यायच्या आत क्लिफर्ड! "डेम बाप्यानेच करायची असते. परंपरा आहे."

"परंपरा?" मी म्हटलं. "तुझ्या नाटकाचा नायक मुलगी आहे, मांडीवर थापा मारत हिंडते. गाईच्या पोटात दोन पोरं आहेत. आणि तुझं अडलं ते इथे?"

गाईच्या आतून टाळ्या आल्या.

"बघू," क्लिफर्ड म्हणाला.

शाळेपासून ओळखते त्याला. त्याचं बघू म्हणजे नाही. मी बेथनला म्हटलं, "बघू म्हणालाय. तालीम सुरू कर."

२५ नोव्हेंबर, सोमवार

टॅमसिन स्वयंपाकघरात आली होती. म्हणाली, बघा. आणि चालून दाखवलं. विल्फची चाल! तीच मान वळवणं, तोच पदर झटकल्यासारखा हात. मी मोरीचा कठडा धरला.

"थांब. विल्फ करू नकोस."

"मग कोण करू?"

"शाळेत तुम्हाला जेवण वाढते, ती बाई कशी आहे?"

मग कमरेवर हात, पोट पुढे. "मटार टाकलेस ना, तर बघ! खिशात भरून घरी पाठवीन! तुझ्या आईलाही वाढीन!"

मी हसले. मोठ्याने. स्वतःचाच आवाज ऐकून दचकले.

२८ नोव्हेंबर

लायब्ररीच्या गाडीवरच्या बाईने दुःखावरचं पुस्तक दिलं. त्यात सगळ्याला पायऱ्या आहेत. दोन पानं वाचून परत केलं, देवमाशांवरचं आणलं. देवमासे बरे.

१ डिसेंबर, रविवार

झगा कापला. आमच्या झोपायच्या खोलीचे पडदे होते ते, मीच शिवला होता. विल्फच्या मापात टॅमसिन तीनदा मावली असती. काखेत अजून त्याच्या घामाचा डाग. कात्री लावली. डाग ठेवला नाही. तेवढंच उरलं असतं, म्हणून ठेवला नाही.

आता टांग म्हणावं, क्लिफर्ड!

९ डिसेंबर, सोमवार

भुताच्या प्रवेशाची तालीम. डेम बाकावर बसून गाणं म्हणते, मागून भूत येतं, तिला दिसत नाही. मग हॉलमधली सगळी पोरंटोरं ओरडतात, "मागे आहे तुझ्या!" ती नेमकी उलट्या बाजूला वळते. त्याशिवाय पँटो नाहीच. आज ओरडायला कोणी नव्हतं, म्हणून बेथनने मला बसवलं.

तोंडातून शब्द निघेना. भूत येऊन उभं, टॅमसिन खोळंबलेली. मग माझ्याकडे बोट करून, डेमच्या आवाजात — "अगं बाई! हॉल भरलाय की मेलाय?"

निर्लज्ज कार्टी. आवडली मला.

क्लिफर्ड जाताना म्हणाला, "डेम ठेव तुझी. पण शांतता होणार. कार्यक्रमपत्रिकेत छापलंय."

१२ डिसेंबर, गुरुवार

पहिला प्रयोग. हॉल गच्च.

क्लिफर्ड काळा टाय लावून पडद्यासमोर आला. विल्फबद्दल बोलला. बरं बोलला, खोटं काहीच नाही. सगळे उभे राहिले. त्याने मान खाली घातली. मुलांच्या चॉकलेटचे कागदही थांबले. आणि माझ्याकडे माना वळल्या, एकेक करून. रडते का बघायला.

तेवढ्यात पडद्याच्या फटीतून गुलाबी कोपर. मग केसांचा पिवळा टोप. टॅमसिन! हॉल किती भरला ते बघायला आली असणार. क्लिफर्डच्या पाठीशीच निघाली. तिथेच गोठली. त्याने मागे वळून पाहिलं असतं तर पोरीची धडगत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी ओरडले, "मागे आहे तुझ्या!"

मग पुढच्या रांगेतलं एक कारटं, मग अख्खा हॉल. "मागे आहे! मागे आहे!" क्लिफर्ड उजवीकडे वळला, ती डावीकडे. तो डावीकडे, ती उजवीकडे. आणि क्लिफर्डच्या तोंडून निघून गेलं — "कुठे?"

चार वर्षांचा असल्यापासून त्याच हॉलमध्ये पँटो बघत बसलेला माणूस. दुसरं काय निघणार!

छप्पर उडायचं राहिलं. शेवटी ती दिसली त्याला. लालबुंद झाला. मला वाटलं, आता हाकलतो. पण त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता की रडत, त्यालाही कळत नसावं. तिने त्याचा हात धरला, दोघांनी वाकून नमस्कार केला.

टॅमसिन एक कडवं विसरली. राक्षसाला लाटणं जरा जोरातच लागलं. एकदाही विल्फसारखी वाटली नाही. एकदाही नाही.

आई काही मेली नव्हती!

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी अंत्यविधीवाल्यांकडे गेले. विल्फची रक्षा एप्रिलपासून त्यांच्याकडेच होती. ते फोन करायचे, मी उचलत नसे. सही केली. डबा वाटला होता त्याहून जड. मांडीवर घेऊन बसने घरी आले.