साहेबांचा चेहरा आधीच पडतो

४ नोव्हेंबर, मंगळवार

चौदा टेक! एका फोनसाठी चौदा! सीन एवढासा — इन्स्पेक्टर टेबलाशी बसलाय, फोन येतो, "साहेब, आपला हवालदार गेला." मग चेहरा पडायला हवा. पण आमचे लाथसम्राट! तिकडून "साहेब" एवढं आलं की यांचा चेहरा पडलाच. हवालदार अजून जिवंत! वीस वर्षं पिक्चरमध्ये लाथा मारल्या, आता म्हणे गंभीर भूमिका. मी आपली वहीत लिहितेय — टेक ९, वाक्याआधी. टेक १०, वाक्याआधी. टेक ११ला छातीवरची नावाची पट्टी चुकीच्या बाजूला. टेक वायाच गेला होता, म्हणून बोलले नाही कुणाला. कंटिन्युइटीवाल्या बाईचं काम हेच, सगळ्यांच्या चुका टिपायच्या.

वही घेऊन घरी आले तर ह्याने चहा टाकून ठेवलेला. पटकथा ह्याची — चार वर्षं घासलेली. तोवर घर माझ्या वहीवरच चाललं. "आज किती टेक?" सांगितलं. म्हणाला, "मातेरं करतोय तो माझ्या इन्स्पेक्टरचं." आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पेपरात आलं! सिनेमाच्या पानावर, चौकटीत. लाथसम्राटांना दुःख जमेना, चौदा टेक! ते ठीक, क्लॅपच्या पाटीवर टेकचा आकडा असतोच. पण खाली — "एकदा तर नावाची पट्टीही भलत्याच बाजूला." ही पट्टी फक्त माझ्या वहीत आहे!! सेटवर सगळे वळून वळून माझ्याकडे बघत होते. निर्माता म्हणाला, "बाई, वही सांभाळा." सांभाळा म्हणे! अकरा वर्षांत एक पान बाहेर गेलं नाही माझं.

मला लाथसम्राटाच्या सेक्रेटरीचा संशय. जेवायच्या सुट्टीत वही खुर्चीवर होती तेव्हा तो तिथेच दात कोरत बसलेला.

घरी ह्याला सांगितलं तर म्हणतो, "बरं झालं! आता तरी बदलतील त्याला." माझी नोकरी जायची वेळ आलीय आणि ह्याला इन्स्पेक्टरची पडलीय! चिडले. मग सॉरी म्हणाला, भांडीही घासली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवतानासुद्धा वही मांडीवर. सेक्रेटरी दोनदा घुटमळला. बघून घेते बेट्याला.

१० नोव्हेंबर, सोमवार

परत! "सहाव्या टेकला टोपी काखेत, सातव्याला डोक्यावर." शुक्रवारची नोंद! आणि शुक्रवारी सेटवर वहीला कुणाचं बोटही लागलं नव्हतं. मग सेक्रेटरी कसा? की त्या सम्राटानेच टोपी मुद्दाम हलवली आणि स्वतःच पेपरला कळवलं? पिक्चरमधून अंग काढायचं असेल. बदनामी झाली तर झाली, सुटका तरी होईल!

सरळ गेले मेकअपच्या खोलीत. विचारलं, "वाक्य संपायच्या आधी चेहरा का पाडता? मुद्दाम ना?" चिडला नाही. टॉवेलने मान पुसत म्हणाला, "खोड आहे, ताई. मारामारीत ठोसा यायच्या आधी मान वळवावी लागते. उशीर केला की दात जातात." मग हळूच, "पुढे काय येणारे ते ठाऊक असलं ना, की चेहरा थांबतच नाही. कितीही दाबा."

इतका साळसूद? माझा नाही बसला विश्वास.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डोकं दुखतंय. ह्याने बाम लावून दिला. म्हणाला, "नको इतका विचार करूस." बिचारा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काढलं मला. दिग्दर्शकाने नजर चुकवत सांगितलं, "वही ठेवून जा. उद्यापासून नका येऊ." वही टेबलावर ठेवली. माझ्या बाजूने बोलला तो कोण, तर लाथसम्राट! "ताईंनी नाही केलं हे. त्या तोंडावर विचारणाऱ्या आहेत." कुणी ऐकलं नाही. लाज वाटली मला स्वतःची. सोमवारी मी त्यालाच चोर ठरवून बसले होते. जिना उतरताना हात रिकामा रिकामा वाटत होता.

वाटेत ठरवलं — घरी रडायचं नाही. ह्याला आधीच पिक्चरचा घोर. तोंड धुतलं, केस नीट केले.

तीच तारीख, संध्याकाळ

ह्याने हसत दार उघडलं. मीही हसले. चांगली बातमी आणल्यावर म्हणते तश्शीच म्हणाले, "अरे, ऐक ना —"

पुढे काहीच बोलले नव्हते मी, आणि ह्याचा चेहरा पडला.

टेक १. वाक्याआधी.