सयाजीच्या रोबोला माझं उत्तर

४ जानेवारी
माझ्या दुकानासमोरच्या सयाजीने त्याच्या पंपाच्या दुकानात बोलका रोबो आणला. गिऱ्हाईक आलं की हात जोडून 'राम राम पाहुणं' म्हणतो. अख्खं रहिमतपूर सेल्फीला लोटलंय. मला काही फरक पडत नाही. उगाच नोंद करून ठेवली.

६ जानेवारी
पडतो. लय जळफळाट होतोय. सांगलीच्या कृषी प्रदर्शनात पंप कंपनीचे साहेब येणार. तालुक्याची एजन्सी एकालाच, मला नाहीतर सयाजीला. तो रोबो घेऊन जाणार. एजन्सी गेली तर मी नुसते नट-बोल्ट विकत बसायचं.

७ जानेवारी
आयडिया! नेटवर वाचलं. पूर्वी परदेशातल्या मोठमोठ्या प्रदर्शनांत जाहिरातीला बोलणारी यंत्रं ठेवायचे. चावी दिली की कर्ण्यातून माणसाचा आवाज. लोक रांगा लावायचे. म्हणजे रोबो डुप्लिकेट, ओरिजिनल मी! मिरजेत रहिमानचाचा जुने बाजे दुरुस्त करतात. त्यांच्याकडे असलं एक चालू यंत्र आहे. भाड्याने ठरवलं.

१० जानेवारी
मिरजेला बायकोला, संयोगितालाही नेलं. मेणाच्या नळकांड्यावर माझा आवाज कोरला. चाचा म्हणाले, "कर्ण्यात तोंड घालून वरडा. दोनच मिनिटं मिळतील, आन् नळकांडं येकच हाय." सुरुवात सयाजीच्या टिंगलीने केली. "वा रं सयाजी! सयाजीचा पंप, सयाजीचा पाईप, सयाजीची सर्व्हिस, काय बोलायचं काम न्हाई!" टिंगल रंगत गेली. माझ्या दुकानाचं नाव घेणार, तेवढ्यात नळकांडं संपलं. हरकत नाही, स्टॉलवर बोर्ड आहेच.

संयोगिता ऐकून म्हणाली, "आवं, पर ह्यात तुमी कुठं हाय?" तिला मार्केटिंग कळत नाही. टोमणा समजायला डोकं लागतं.

१८ जानेवारी, सांगली
तुफान गर्दी! रोबोकडे कुत्रं फिरकेना. सगळे माझ्या कर्ण्याला कान लावून. सयाजीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग तोही ऐकून गेला आणि हसायला लागला. धक्का सहन झाला नसावा.

दुपारी. आटपाडीचे एक म्हातारबा पुन्हा पुन्हा ऐकून म्हणाले, "लय झ्याक मशीन हाय गड्या. आता सांग, ह्यो सयाजी बसतो कुठं?" दाखवावं लागलं. त्यांच्यामागे रांगही तिकडेच गेली. माणसं भोळी असतात.

संध्याकाळी. साहेब आले. पूर्ण ऐकलं, डोळे पुसले. म्हणाले, "धंद्यातला शेजारी एवढं कौतुक करतो, म्हणजे सयाजीरावांत काहीतरी असणार. आणि नाथाजीराव, तुमचं मन केवढं मोठं!" खुलासा करायला तोंड उघडलं तर टाळ्या सुरू झाल्या. मी नमस्कार केला.

२१ जानेवारी
एजन्सी सयाजीला. गोडाऊनमध्ये जाऊन रडलो.

मग तोच पेढे घेऊन आला आणि चक्क पाया पडला. "दादा, सख्ख्या भावानंबी एवढं केलं नसतं वो! रविवारी एजन्सीचं उद्घाटन हाय. रोबो काढलाय. दारात तुमचाच कर्णा लावायचा."

मी ठणकावून सांगितलं, बघू.

संयोगिता त्याच्यासमोरच पेढा खात होती. रविवारी जावं लागेल. यंत्र नाजूक आहे, चावी दुसऱ्या कुणाला जमायची नाही.