टेकडीवरचा पिवळा पेरा

मेरिदा, ३० सप्टेंबर

ती. दादास कासिल्दाचा सा. न.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. उपग्रहाच्या चित्रावरून मी गवत म्हणून दाखवली ती काटेरी झुडपं निघाली, तेव्हापासून गावात माझी थट्टा चाललीय हे ठाऊक आहे. थट्टा कर, पण हे वाच.

उन्हाळ्यात गवत वाळतं, तेव्हा वरून हिरवं दिसतात ते फक्त ओक. म्हणून आम्ही ऑफिसात उन्हाळ्याचीच चित्रं ताडून पाहतो. ओढ्याकाठच्या आपल्या ओकांचा रंग दर वर्षी उतरत चाललाय. वहिनीनं तुझ्या नकळत पाठवलेल्या मातीत मुळं कुजवणारा रोग सापडला. (तिला रागावू नकोस.) ओली माती खुरांना चिकटते आणि तो पसरतो. डुकरं ओकची फळं खायला सोडशील, तेव्हा खालच्या रानात एकही जाऊ देऊ नकोस. तिथून ती टेकडीवर चढली तर टेकडी गेली, आणि टेकडी गेली की आपल्याकडे काय उरतं ते मी सांगायला नको.

राग असू दे, पण लोभही असू दे.

तुझी कासिल्दा


वाल्दोरसा, ८ ऑक्टोबर

चि. कासिल्दास अनेक आशीर्वाद, रागासकट.

खालच्या रानाला तार घातली. अर्धी फळं गेली. तुझ्या वहिनीशी दोन दिवस अबोला धरला, मग जेवणाचे हाल व्हायला लागले म्हणून सोडला.

रोग कुठून आला हे सांगायला उपग्रह कशाला हवा? दर नोव्हेंबरात तुझे सासरे सोतेरो मेंढ्या घेऊन जुन्या वाटेनं उतरतात आणि आपल्याच ओढ्यावर मुक्काम टाकतात. उत्तरेची सगळी घाण त्या खुरांना. मेंढपाळाच्या घरात पडू नकोस, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. १९ तारखेला गावसभेत ती वाट बंद करायचा ठराव मांडतोय. एवेलिओला आतापासूनच सांगून ठेव, नंतर जावईबापूंनी तोंड फुगवायला नको.

चाऱ्याची काळजी करू नकोस. टेकडीवर ओकांखाली पिवळ्या फुलांचा लुपिन पेरलाय, बाबांच्या जपलेल्या बियाण्याचा. पूर्वी खाली पेरायचो तोच. उन्हाळ्यात डुकरांना शेंगा होतील. कोंब आलेत. बाबा रोज काठी टेकत बघायला चढतात, पोरासारखे खूश आहेत.

भेटीत भांडू. तोवर लोभ ठेव.

बेनिग्नो


मेरिदा, १३ ऑक्टोबर

दादा,

मायना राहू दे. ही चिठ्ठी बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. तुझ्याच हातात ठेवीन म्हणालाय.

तुझं लुपिनचं वाचलं. इतकी वर्षं मी उन्हाळ्याचीच चित्रं बघत राहिले, वसंतातली कधी उघडलीच नाहीत. आज उघडली. खालचं रान वसंतामागून वसंत पिवळंजर्द, आणि जिथवर ते पिवळं तिथवरच ओक वाळलेत. सोतेरो येतात त्या वाटेवर आपल्या हद्दीच्या वर एक झाड वाळलेलं नाही. माती तपासणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लुपिनच्या मुळांवर हा रोग पोसला जातो. सासरची बाजू घेतेय असं तुला वाटेल. वाटू दे.

खालच्या चिखलानं माखलेला ट्रॅक्टर तसाच टेकडीवर नेलास का? नेला असशील तर आता नांगर अजिबात घालू नकोस, माती आणखी पसरेल. कोंब हातानं, मुळासकट उपट आणि पोत्यात भरून जाळ. मी खालचं बंद करायला लावलं आणि तू वर पेरलंस, या विचारानं मला काही सुचत नाही. बाबांना कसं सांगायचं तेही कळत नाही.

कासिल्दा


वाल्दोरसा, २६ ऑक्टोबर

चि. कासिल्दास, या वेळी नुसतेच आशीर्वाद.

ट्रॅक्टर धुतला नव्हता.

सभेत मी वाट बंद करायला उठणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. उठलो आणि म्हणालो की रोग आमच्याच पेऱ्यातून आलाय, मेंढ्यांचा दोष नाही. मागून कोणीतरी विचारलं, बहिणीनं पुन्हा झुडपंच दाखवली का. लोक हसले. बाबा पहिल्या रांगेत होते. घरी सांगायचं धाडस झालं नव्हतं, त्यांना तिथेच कळलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

एवेलिओ आणि सोतेरो आले, तूच पाठवलेले. वाकून वाकून टेकडी उपटली. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर सोतेरोंनी हातात पोतं दिलं आणि म्हणाले की या कामापेक्षा मेंढ्या बऱ्या, निदान चालत येतात. काल शेवटचे कोंब जाळले. टेकडी वाचली की नाही ते आता पुढच्या उन्हाळ्यातच कळेल. मला झोप लागत नाही.

बाबा टेकडीवर फिरकले नाहीत. मला वाटलं, रुसले. काल बेकरीवाल्यानं सांगितलं की आजवर ज्याला ज्याला लुपिनचं बी दिलं, त्याच्या त्याच्या दारी बाबा जाताहेत. टोपी काढून उभे राहतात आणि सांगतात. लोक खुर्ची देतात, ते बसत नाहीत. त्यांतल्या फाउस्तोचे सगळे ओक गेलेत, त्यानं तोंडावर दार लावलं. बाबा पुढच्या घरी गेले.

आज मी सोबत येतो म्हटलं. नको म्हणाले. बी वाटायला मी एकटाच गेलो होतो, म्हणाले.

त्या लोकांची रानं तुझ्या चित्रांत दिसत असतील. बाबा पोचेपर्यंत कुणाला काही कळवू नकोस.

लोभ कमी करू नकोस, सध्या फार लागतोय.

तुझा दादा