आई कुणाबरोबर जेवते

नुकारेनी,
२४ सप्टेंबर, बुधवार

प्रिय रुक्सांदा,

देव तुला धडधाकट ठेवो. इकडे आम्ही तिघं बरी आहोत. इटलीची गाडी शनिवारी निघते, तिच्याबरोबर अक्रोड, आलुबुखारचा मुरंबा आणि तुझे लोकरी मोजे पाठवते आहे. मोज्यांची टाच जरा सैल झाली, पण पादोव्हाच्या फरशीवर तुला ऊब मिळेल. तू सांभाळतेस त्या म्हातारीची तब्येत कशी आहे? अजून तुला तिच्या मुलीच्याच नावानं हाक मारते का?

यंदा द्राक्षं उशिरा पिकली. सकाळी नदीवरून धुकं येतं ते थेट अंगणातल्या चुलीपर्यंत. अक्रोडाचं झाड दिसत नाही, फक्त अक्रोड पडल्याचा आवाज येतो. तुझा टोमा त्या आवाजाच्या मागे पळतो आणि धुक्यात नाहीसा होतो. मग मी हाक मारते, आणि दोन्ही मुठी भरून तो परत उगवतो. दोन वर्षांच्या पोरानं इतकं खावं का, असा प्रश्न मला पडतो. काल कोंबड्यांचा भिजवलेला मका खात होता.

कातिंकाचं वजन वाढलं आहे. दवाखान्यातली बाई काट्याकडे बघून म्हणाली, काय केलंत? मी म्हटलं, काही नाही. ते खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं, आणि तेच तुला लिहायला बसले आहे. आधी मोज्यांचं लिहिलं, मग धुक्याचं लिहिलं. आता लिहिते.

तू गेल्या आठवड्यात चिडून म्हणालीस, "वन्सं, दुपारी फोन उचलायचा नसेल तर तसं सांगा. मी पोरीला माझ्या आईकडे ठेवते." मी म्हटलं, इथे दुपारी रेंज नसते. रुक्सांदा, रेंज असते. धुकं असतं तेव्हाही असते.

तुला आठवत असेल, फोन मुरंब्याच्या बरणीला टेकवून आम्ही जेवायला बसायचो. म्हातारी झोपली की तू करायचीस. कातिंकाला सांगायचीस, हा घास आईसाठी, हा बाबांसाठी, बाबा वरून बघताहेत. ती तोंड उघडायची, आणि तुझा चेहरा खुलायचा. तिकडून तुला एवढंच दिसायचं. तू फोन ठेवलास की ती उठून अक्रोडामागे जायची. कितीतरी दिवस मला वाटायचं, शू करायला जाते. एकदा मागून गेले. गालात धरून ठेवलेला सगळा घास ती काढून कोंबड्यांना घालत होती. हळूच, एकेक कण, जणू कुणी तिच्याकडे जपायला दिलेली वस्तू परत करते आहे. मी विचारलं, असं का गं? ती म्हणाली, "तो आईचा होता ना."

मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू दिवसभर परक्या बाईला भरवतेस, आणि स्वतःच्या लेकीला भरवायला तुझ्याकडे तेवढीच वेळ. ती मी कशी काढून घेऊ?

मग ऑगस्टअखेरीस एक दिवस माझी पाठ धरली. सकाळपासून धुणं, बरण्यांत टोमॅटो भरायचे, टोमाचा ताप. दुपारी मला कुणाची मनधरणी करायचं त्राण नव्हतं. फोन घरात राहिला, तो वाजला तरी मी उठले नाही. मक्याच्या पिठाची मामालिगा मऊ आणि गरम होती, ती लाकडी पाटावर उलटी केली, शेजारी मेंढीचं चीज, आंबट साय, उकडलेली अंडी, वाल, बीट, कांद्याची पात, सगळं मधोमध ठेवलं आणि मी माझं माझं जेवायला लागले. कातिंका नेहमीप्रमाणे अंगणातल्या टेबलाखाली जाऊन बसली. मी बोलावलं नाही. टोमा सायीची मिशी लावून बसला होता. थोड्या वेळानं खालून एक हात वर आला. चाचपडला, बिटाच्या फोडीवर थांबला, आणि ती घेऊन खाली गेला.

पुन्हा हात आला. या वेळी चीज. मी तोंड दुसरीकडे केलं आणि द्राक्षवेलीकडे बघत राहिले. वाऱ्यानं पानं हलत होती, त्यांच्या सावल्या टेबलावर पाण्यासारख्या वाहत होत्या, आणि टेबलाखालून खाण्याचा आवाज येत होता. पाव्हेल लहानपणापासून अस्साच खायचा, नाकानं सूं सूं करत. भाऊ गेल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता.

तेव्हापासून आमचं असंच चालतं. मामालिगा कापायचा दोरा कातिंकाच्या हातात असतो. ती म्हणते हा चंद्र आहे, आणि दोरा खालून सरकवून चंद्राचे तुकडे करते. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं. मी फक्त काय ठेवायचं ते बघते. रोज एखादी हिरवी गोष्ट, एखादी तिच्या ओळखीची, आणि एखादी नवी. नवीला ती आधी हुंगते, दोन दिवस नुसती ताटलीत ठेवते, तिसऱ्या दिवशी तिची चव घेते. बीट खाते कारण ओठ लाल होतात. वाल अजून नको म्हणते. नको तर नको. पोट भरलं की उठते, मी मोजत नाही.

आणि मी फोन बंद ठेवत राहिले.

आता उरलेलंही लिहिते, नाहीतर हे पत्र पाठवण्यात अर्थ नाही. सुरुवातीला मी पोरीसाठी बंद ठेवला. नंतर मला ते आवडायला लागलं. दुपारी टेबलाशी आम्ही तिघंच, फोन आत, घराचं दार लोटलेलं, आणि कुणाला कसलाही जाब द्यायचा नाही. एकदा टोमा मला आई म्हणाला. मी त्याला आत्या म्हण असं सांगितलं नाही. त्याच्या ताटलीत साय वाढली, बस.

काल कातिंकानं जेवता जेवता विचारलं, "आई कुणाबरोबर जेवते?"

मी म्हटलं, त्या आजीबरोबर.

"आजी आईला भरवते?"

"नाही, आई आजीला भरवते."

"मग आईचं कोण बघतं?"

मी उठून उगाच चुलीत लाकूड सारलं.

रुक्सांदा, तू फोन कर. दुपारीच कर. पण तुझी ताटली घेऊन बस. तिच्या ताटलीत काय आहे ते विचारू नकोस. तू तुझं जेव, ती तिचं जेवेल.

शुक्रवार

पत्र बंद करणारच होते, तेवढ्यात काल तुझा फोन आला आणि मी तो उचलला. तू काय बघितलंस ते मला माहीत नाही, म्हणून इकडचं सांगते.

तू रागानं बोलणार होतीस, तुझ्या कपाळावरून कळलं. पण तुझ्या हातात पाव होता आणि तू मोरीपाशी उभी होतीस. कातिंकानं तुला बघितलं आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आई, बस ना. उभ्यानं खाल्लं तर आत्या ओरडते."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. फोन कशाला तरी टेकवून तू समोर बसलीस आणि पाव खायला लागलीस. मला वाटलं आता तू विचारशील, आता घास मोजशील. तू काही विचारलं नाहीस. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तू चावत होतीस. कातिंका तुझ्याकडे बघत होती आणि खात होती. गाल फुगवून नाही, नीट गिळून. मध्येच तिनं दोऱ्यानं एक तुकडा कापला आणि फोनसमोर ठेवला. तुला तो दिसला की नाही कोण जाणे, फोन जरा वाकडा होता. फोन ठेवल्यावर तो तुकडा टोमानं पळवला. कातिंका भांडली नाही. म्हणाली, आईचं पोट भरलंय.

मग ती अक्रोडापाशी गेली. मी खिडकीतून बघितलं. कोंबड्या धावत आल्या, पण तिच्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं. तिनं हात उघडून दाखवले आणि परत आली.

टोमाला मी काल तुझा फोटो दाखवला आणि आई कोण ते सांगितलं. तो फोटोला साय लावायला निघाला. वेळ लागेल, पण मी रोज सांगेन.

ईस्टरला सुट्टी मिळाली तर आधी कळवत बसू नकोस. फाटक उघडंच असतं. थेट जेवायच्या वेळेला ये, आणि आपण चौघं बसू.

तुझ्या मुलांची आत्या,
प्रोफिरा